युद्धाच्या काळात खोट्या बातमीनं मनोबल वाढतं का?

जुनी_मिल
पाकिस्तानशी लढाई चालू होती, त्या ८ मे २०२५ च्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलं नव्हतं. कराची बंदर उद्ध्वस्त झालं, असं कितीतरी चॅनेलवर सांगत होते आणि मागे भोंगा वाजत होता. पोरांनी फटाके आणले. नंतर कळलं की तसं काही घडलंच नव्हतं. त्यावर मात्र गल्लीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. १० मेला केंद्राच्या नागरी संरक्षण विभागाला चॅनेलना बजावावं लागलं की, कार्यक्रमात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका. लोकांचे कान सरावले तर खरा भोंगा वाजेल तेव्हा कुणी हलणार नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या सैन्यानं ७ मेला नऊ ठिकाणी खरोखर हल्ले केले होते. त्या खऱ्या पराक्रमाशेजारी बनावट विजय आणून ठेवला की खऱ्यावरही शंका घेतली जाते. याला देशभक्ती म्हणायला मी तयार नाही.

पार्क_चौक
काका, तुमच्या घरातलं कुणी सीमेवर आहे का? माझा भाऊ आहे. त्या चार दिवसांत त्याचा फोन लागत नव्हता. आई टीव्हीसमोरून उठत नव्हती. "आपण जिंकतोय" हे ऐकलं की तिच्या घशाखाली भाकरी उतरायची. लढाई चालू असताना लोकांचं मन खचू न देणं हेही युद्धाचंच काम आहे.

आणि सगळं खरंखरं दाखवायचं म्हणता, तर २६/११ आठवा. चॅनेलनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सुप्रीम कोर्टानं २०१२ च्या कसाब निकालात माध्यमांना यावरून झापलं आहे.

जुनी_मिल
भाऊ सुखरूप असेल अशी आशा करतो. २६/११ बद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण तो मुद्दा गुप्ततेचा झाला. तुकडी कुठे आहे हे न सांगणं वेगळं आणि न घडलेलं घडलं म्हणून सांगणं वेगळं. पहिलं सैन्याला वाचवतं, दुसऱ्याचा सैन्याला काडीचा उपयोग नाही.

खोट्याची किंमत पुढच्या पिढीनं मोजल्याचा दाखला आहे. १९१७ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांनी छापलं की जर्मन लोक मेलेल्या सैनिकांची प्रेतं उकळून चरबी काढतात. १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत मान्य केलं की त्या गोष्टीला आधार नव्हता. पुढे हिटलरच्या छळछावण्यांच्या खऱ्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा "मागच्या वेळेसारखंच असेल" म्हणून अनेकांनी त्या कानाआड केल्या.

सात_रस्ता
दोघांनाही विचारतो, प्रचार म्हटलं की खोटंच का धरता? १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे वाक्य अजून घराघरात आहे. तोही प्रचारच. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा म्हटलं आणि लोकांनी सोडलं. धान्याची टंचाई आहे हे त्यांनी लपवलं नाही. जो प्रचार माझ्याकडे काहीतरी मागतो तो मला नागरिक समजतो. रात्रभर स्क्रीनवर स्फोट दाखवणारा मला फक्त बसवून ठेवतो.

पार्क_चौक
सात_रस्ता, तुमचं पटतंय. पण १९६२ मध्ये खरी परिस्थिती उशिरा कळली म्हणून काय बिघडलं? लोक उभे राहिलेच की.

भवानी_पेठ
काय बिघडलं ते सांगते. आजच्या अरुणाचलातलं बोमदिला चिन्यांच्या हाती पडल्यावर १९ नोव्हेंबरला नेहरू रेडिओवर बोलले, तेव्हा आसामच्या लोकांना आपल्याला वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटलं. ती सल तिथे अजून आहे. आणि त्याच लाटेत भारतात राहणाऱ्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं. त्यात म्हातारे होते, लेकरं होती. कित्येक जण इथेच जन्मलेले होते.

आपण सोलापूरकरांनी तरी हे विसरू नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ मध्ये ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. शत्रू देश आणि त्या देशाचा माणूस यातला फरक त्यांच्या गावाला दुसऱ्यानं शिकवायची गरज नाही. चार हुतात्म्यांचंही तेच. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. सरकारी कागदावर ते पोलिसांचे खुनी होते, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना फाशी दिली. तेव्हा सोलापूरनं सरकारी बातमीवर विश्वास ठेवला असता तर आज चौकात पुतळे दिसले नसते.

पार्क_चौक
ताई, ते परकीय सरकार होतं. आपल्या सैन्याच्या बाजूनं बोललेलं खोटं आणि इंग्रजांचं खोटं एका मापानं मोजू नका.

जुनी_मिल
मग आपल्या शेजाऱ्याचं घ्या. १९७१ मध्ये पश्चिम पाकिस्तानातले लोक शेवटपर्यंत विजयाच्याच बातम्या ऐकत होते. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि एका दिवसात त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ते खोटं तर त्यांच्या स्वतःच्या सरकारचं होतं. उलट कारगिलनंतर आपण सुब्रह्मण्यम समिती नेमली, आपल्या चुका तिच्या अहवालात मांडल्या आणि तो संसदेसमोर ठेवला. त्यानं कुठल्या जवानाचं मनोबल खचलं?

एवढंच मागतो, खोटी बातमी देणाऱ्या चॅनेलनं त्याच वेळेला, तेवढाच वेळ देऊन ती दुरुस्त करावी.

पार्क_चौक
हे मान्य. पण गोळीबार थांबल्यावर. आधी नाही.

भवानी_पेठ
नाही दादा, त्याच रात्री. फोन न लागणाऱ्या घरालाच खरी बातमी सगळ्यात आधी हवी असते.