2045 साली आपल्या मशिदीची किल्ली कुणाकडे?

तेलघाणा
मागच्या शनिवारी सकाळी आम्ही नऊजण होतो. दहावा पनवेलहून लोकलने निघालेला. (शाब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लोकल? हो. आक्षेप असेल त्याने स्वतः चालत यावं, म्हणजे अकरा होऊ.) पाऊण तास बाकांवर बसून काढला. मिन्यान, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष, पुरा झाल्याशिवाय सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर निघत नाही. शमाश, म्हणजे सिनेगॉगचा सेवक, घड्याळाकडे बघत होता आणि मी डोकी मोजत होतो. नऊपैकी पन्नाशीच्या आतले दोन. त्यातल्या एकाची इस्राएलला कायमचं जाण्याची फाइल चालू आहे.

इथे बाकीचेही वाचतात म्हणून थोडक्यात: आम्ही बेने इस्राएल. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्यांचे वंशज, अशी आमची परंपरा सांगते. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. सिनेगॉगला जुनी माणसं अजून मशीदच म्हणतात. 1951 च्या जनगणनेत देशात सगळे मिळून साडेसव्वीस हजार ज्यू होते. 2011 मध्ये साडेचार हजारांच्या आसपास.

आणि आमच्या विश्वस्तांच्या बैठकीत काय चालतं? रंगकाम, गळकं छप्पर, सणाला केटरर कोण. तिश्री, म्हणजे आपल्या मोठ्या सणांच्या महिन्याच्या पलीकडे कुणाची नजर जात नाही. मी सुचवलं की वीस वर्षांनंतरची तीन-चार वेगवेगळी चित्रं मांडू या. भविष्य सांगायचं नाही. असं झालं तर काय, तसं झालं तर काय, आणि सगळ्याच चित्रांत उपयोगी पडेल असं आज काय करता येईल, एवढंच. शेल या तेल कंपनीत पिअर वॅक आणि मंडळींनी 1970 नंतर हेच केलं. तेल महागलं तर, हे चित्र त्यांनी आधीच रंगवून ठेवलं होतं, त्यामुळे 1973 च्या भडक्यात इतरांपेक्षा ते लवकर सावरले. तो भडका कशाने उडाला? इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर केलेल्या योम किप्पुरच्या युद्धाने, आणि त्यापायी अरब देशांनी तेल रोखल्याने. त्याच ऑक्टोबरात इस्राएलचं लष्करी गुप्तचर खातं मात्र ‘इजिप्त आत्ता हल्ला करणार नाही’ या एकाच गृहीतकाला चिकटून बसलं होतं. त्याला पुढे ‘कॉन्सेप्सिया’ हे नावच पडलं.

आपली कॉन्सेप्सिया अशी: कुणीतरी राहीलच. बैठकीत मी एवढं बोललो, तर एक ज्येष्ठ म्हणाले, “तू आधी दहावा माणूस आण.”

बिनसाखर
ज्येष्ठ बरोबर बोलले.

गोष्ट अर्धीच सांगितलीत. 1973 नंतर त्याच गुप्तचर खात्यात मुद्दाम उलट विचार करणारा विभाग काढला. नाव ‘इप्खा मिस्ताब्रा’, तल्मुद या आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या वादातला शब्द: उलटंच खरं दिसतंय. काम एकच, सगळे जे म्हणतील त्याच्या विरुद्ध मांडायचं. तो विभाग असतानाच हमासच्या हल्ल्याचा 7 ऑक्टोबर 2023 उजाडला. चित्रं काढणारे होते, पगारीसुद्धा होते. बघायला कुणाला सवड नव्हती.

असली एक कार्यशाळा मी भोगली आहे. कुठल्या संस्थेची ते जाऊ दे. बाहेरून एक बाई आल्या, छान बोलल्या. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या चिठ्ठ्या वाटल्या. ‘2040 चा आपला समाज एका शब्दात लिहा.’ माझ्या शेजारच्या काकांनी लिहिलं: ‘दवाखाना’. त्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनला मदत हवी होती. बाईंनी ती चिठ्ठी ‘आरोग्य आणि कल्याण’ या रकान्यात चिकटवली, टाळ्या झाल्या, मग बिर्याणी. पंख्याच्या वाऱ्याने निम्म्या चिठ्ठ्या जेवणाआधीच खाली पडल्या होत्या. काकांचा गुडघा आहे तसाच आहे.

समाजी हसाजी दिवेकरांनी टिपूच्या कैदेतून सुटल्यावर 1796 मध्ये मुंबईतली पहिली मशीद बांधली. नवस फेडला म्हणतात. आराखडा काढून कुणी नवस फेडत नाही.

सातरस्ता_जुना
बिनसाखर, चिठ्ठ्यांचा किस्सा झकास, पण त्यातून काकांचं म्हणणं ऐकलं गेलं नाही एवढंच सिद्ध होतं. पद्धत वाईट की बाई?

मी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत पंधरा वर्षं खेटे घातले आहेत, म्हणून कागदाची बाजू मांडतो. आपले बहुतेक ट्रस्ट सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेले. विश्वस्त वारला किंवा देश सोडून गेला की चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, भरावा लागतो. तो वेळेत कोण भरतो? मी अशी फाइल पाहिली आहे, जिच्यात नोंदलेल्या सातांपैकी चार स्वर्गात आणि दोन इस्राएलमध्ये बीरशेबाला. उरलेला एकटा सही करायला जातो, तर कोरमच नाही. जमीन विकायची, लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची, तर कलम 36 खाली आयुक्तांची परवानगी. ती मागायलाही ठराव हवा, ठरावाला माणसं हवीत.

म्हणजे ‘शेवटचे तिघे उरले तर’ हे चित्र आत्ता, पंधरा उरलेत तेव्हाच काढायला हवं. तिघे उरल्यावर ट्रस्टच्या घटनादुरुस्तीला हात वर करायला कुणी नसतं. यात कसली भविष्यवाणी? मृत्युपत्र आहे हे. शहाणा माणूस धडधाकट असताना करतो.

अश्दोदची_आत्या
मुलांनो, मी 1971 ला इस्राएलला आले. आमच्या इमारतीत तेव्हा निम्मी बिऱ्हाडं आपली होती, जिन्यात बोंबलाचा वास यायचा आणि वरच्या मजल्यावरची मोरोक्कन बाई शिव्या घालायची. आता ती आणि मी दोघीच जुन्या उरलो.

तुम्ही सगळे ‘राहिलेल्यांचं’ बोलता. कोकणातून निघालेला बहुतांश समाज इथे आहे, अश्दोद, दिमोना, लोद, बीरशेबा. तुमच्या चित्रात आम्ही कुठे? पाहुणे म्हणून? दरवर्षी बसगाड्या भरून अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, रथाच्या खुणा बघायला येतो, नारळ, पोहे, गूळ घालून मालीदा करतो, फोटो काढतो आणि परततो. विश्वस्त मंडळात आमचा एक माणूस घेतलात का कधी?

पण तेलघाण्याला एक विचारते. 1962 ला इथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आमच्या लग्नांवर शंका काढली, ज्यू आहात का म्हणून मागच्या पिढ्या तपासा म्हणाले. आमची माणसं धरणं धरून बसली, 1964 मध्ये सरकारला आणि संसदेला म्हणावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. कुठल्या मुकादमाने बोटीत चढताना हे चित्र काढलं होतं? पवित्र भूमीत जाऊन हाच प्रश्न येईल, असं जो म्हणाला असता त्याला आम्हीच वेड्यात काढलं असतं. तुमच्या चारही चित्रांत जे नसतं, तेच येतं.

तेलघाणा
आत्या, पाया पडतो. मंडळात इस्राएलचा माणूस हवा, हे मी लिहायला हवं होतं. चूक कबूल.

पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूला येतं. ‘तिथे आपल्याला मानलंच नाही तर?’ एवढा एक प्रश्न निघण्याआधी कुणी टेबलावर ठेवला असता, तर प्रत्येक घराने आजी-पणजीच्या केतुबा, म्हणजे लग्नाचे करार, सोबत घेतले असते. उत्तर माहीत नसलं तरी कागद जवळ असता. मला एवढंच हवंय.

सातरस्तांचं मृत्युपत्र मला पटलं. माझी चित्रं साधी आहेत. एक: कोची. परदेशी सिनेगॉग 1568 चं, आज मिन्यानसाठी पाहुण्यांवर भिस्त. दोन: चेंदमंगलम, जिथे सरकारने इमारत दुरुस्त करून संग्रहालय केलं, भिंत वाचली, प्रार्थना नाही. तीन: कोलकाता, जिथे मूठभर ज्यू आणि सिनेगॉग झाडूनपुसून ठेवणारे मुसलमान राखणदार पिढ्यान्‌पिढ्या. चौथं चित्र मला नीट दिसत नाही, ज्यात इथली पोरं इथेच राहतात. ते दिसावं म्हणून तर पोरांना बोलवायचंय.

बिनसाखर
पाचवं मी देतो, फुकट. माझगावची शाळा. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये आपल्या मुलांसाठी काढली, पुढे सर एली कदूरींचं नाव लागलं. आज शाळा आहे, घंटा वाजते, आणि आपली मुलं बोटांवर मोजावी लागतात. संस्था जगली, समाज निघून गेला. हे अपयश म्हणायचं की यश? तुमच्या चौकटीत कुठे बसवाल?

आणि 2016 ला राज्याने अल्पसंख्याक दर्जा दिला तो चित्रं काढून मिळाला नाही. काही माणसं मंत्रालयात चपला झिजवत राहिली. दर्जा मिळाला तेव्हा त्याचा वापर कसा करायचा हे मात्र कुणाच्या…

बरं. इथे मी स्वतःच्याच विरुद्ध लिहायला लागलोय. थांबतो.

इस्राएल_आळीचा_शेजारी
मी ज्यू नाही, अलिबागचा. लहानपणी पलीकडच्या आजी सणाला चिकचा हलवा पाठवायच्या. त्यांचं घर विकलं, आता खाली मोबाइलचं दुकान. गावोगावच्या तुमच्या कबरस्तानांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या मामाच्या गावच्या कबरस्तानाला कुंपण नाही. दगडांवर वर हिब्रू, खाली मराठी, नाव आणि गाव. पावसाळ्यात गवत छातीएवढं होतं, आणि दरवर्षी शेजारची बागायत हातभर आत सरकते. वीस वर्षांची चित्रं काढा, पण तिथे वीस पावसाळ्यांचा हिशोब आहे. मला कुणी विचारलं तर मी दगडांचे फोटो काढून देईन. मराठी येतं, हिब्रू तुम्ही वाचा.

अश्दोदची_आत्या
शेजारी, गाव कुठलं? माझ्या आजोबांचा दगड रोह्याच्या बाजूला कुठेतरी आहे. वडिलांना नक्की ठिकाण माहीत होतं, मी कधी विचारलं नाही.

सातरस्ता_जुना
आमच्याकडे दफनाची वही आहे. 1930 पासूनची, मधली काही पानं वाळवीने खाल्लेली. कपाटाची किल्ली माझ्याजवळ. तेलघाणा, रविवारी ये, आपण आधी तीच स्कॅन करू. बिनसाखर, तूही ये. चिठ्ठ्या नसतील.

बिनसाखर
बिर्याणी?

सातरस्ता_जुना
चहा. बिनसाखर.