पीएचपी-मायएसक्यूएल: त्रुटीसंदेशात क्वेरी अर्धवटच दिसते, पूर्ण मजकूर कसा मिळवावा?

नमस्कार. पीएचपी ८ आणि मायएसक्यूएल ८ वर चालणाऱ्या एका अहवाल प्रणालीत वापरकर्त्याने निवडलेल्या फिल्टरनुसार क्वेरी तुकड्यातुकड्यांनी जोडली जाते, त्यामुळे नुसता कोड वाचून अंतिम क्वेरी काय तयार झाली हे कळत नाही. काही फिल्टर एकत्र आले की १०६४ क्रमांकाची सिंटॅक्स एरर येते. संदेशात ‘निअर’ या शब्दापुढचा तुकडा एका बंद कंसापासून सुरू होतो, मग ‘अँड’ आणि पुढच्या अटी दिसतात व मजकूर मध्येच तुटतो. त्या कंसाच्या आधी काय होते, हे कोठेच दिसत नाही. ओळ क्रमांक नेहमी १ असतो.

स्टॅक ट्रेसमध्ये (एरर येईपर्यंत कोणती फंक्शन चालली त्याच्या यादीत) आमच्या फंक्शनला दिलेली क्वेरी ‘सिलेक्ट’ आणि पुढची काही अक्षरे एवढीच दिसते, नंतर तीन टिंबे. म्हणून चाचणी सर्व्हरवर जनरल लॉग, म्हणजे मायएसक्यूएलकडे आलेल्या क्वेरींची नोंद, सुरू केला, तर त्यात बाकी सगळ्या क्वेरी आहेत आणि नेमकी हीच नाही! पीडीओचे (पीएचपीतून डेटाबेसशी बोलणाऱ्या एक्स्टेन्शनचे) एम्युलेशन, म्हणजे क्वेरीत किमती सर्व्हरऐवजी पीएचपीकडेच भरणे, मूळ स्थितीत, म्हणजे चालू आहे. पूर्ण क्वेरी, भरलेल्या किमतींसह, कशी पाहता येईल?

प्रतिसाद १:
तुमची क्वेरी दोन वेगळ्या ठिकाणी कापली जात आहे. मायएसक्यूएल या संदेशात जास्तीत जास्त ८० अक्षरे दाखवते आणि जिथे पार्सर (क्वेरीची रचना वाचणारा भाग) अडला तिथपासूनच दाखवते, त्यामुळे चूक बहुधा दिसणाऱ्या मजकुराच्या लगेच आधी असते. तुकडा बंद कंसापासून सुरू होत असेल तर ‘इन’ची (‘यांपैकी एक’ या अटीची) यादी रिकामी जात आहे का, हे सर्वांत आधी तपासावे, फिल्टरमधून रिकामा ॲरे आला की असेच होते. ट्रेसमधली मर्यादा मात्र पीएचपीची आहे. ती मुळात १५ अक्षरांची असून पीएचपी ८.० पासून ‘झेंड.एक्सेप्शन_स्ट्रिंग_पॅरम_मॅक्स_लेन’ या सेटिंगने वाढवता येते.

जनरल लॉगचे कारण वेगळे आहे. पार्स न झालेल्या क्वेरीत पासवर्ड नाही याची खात्री सर्व्हरला देता येत नाही, म्हणून तो अशा क्वेरी लिहीतच नाही. ‘लॉग-रॉ’ पर्याय दिल्यास त्या लिहिल्या जातात, पण मग पासवर्डही उघड लिहिले जातात, तेव्हा हा पर्याय चाचणी सर्व्हरपुरताच ठेवावा.

माझ्या मते यापेक्षा चांगला मार्ग कोडमध्येच आहे. एक्सेप्शन पकडल्यावर त्याच स्टेटमेंटवर ‘डीबगडम्पपॅरम्स’ चालवावे. एम्युलेशन चालू असल्यास पीएचपी ७.२ पासून ते किमती भरलेली पूर्ण क्वेरी देते. ते थेट छापते, म्हणून आउटपुट बफरमध्ये पकडून लॉगमध्ये लिहावे. शिवाय क्वेरी जोडताना प्रत्येक अट नव्या ओळीवर घेतली, तर संदेशातला ओळ क्रमांकही उपयोगी पडू लागेल.

धागाकर्ता:
मनापासून आभार. यादी रिकामीच जात होती: विभागाचे फिल्टर निवडून एकही विभाग न निवडल्यास ‘इन’पुढे नुसता कंस उरत होता. आता ॲरे रिकामा असेल तर ती अट कधीच खरी न ठरणारी घालावी की अजिबात घालू नये, हे ठरवायचे आहे. अट वगळली तर सगळ्याच नोंदी अहवालात येतील, ही धास्ती वाटते.

प्रतिसाद १:
ती धास्ती रास्त आहे. वापरकर्त्याने फिल्टर लावलेच नसेल तरच अट वगळावी; फिल्टर लावून यादी रिकामी आल्यास ‘१ = ०’ ही अट घालावी.