सीव्हीत नावाखाली येणारा तो पहिला परिच्छेद: ठेवावा की काढून टाकावा?

भोसरीकर:
भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सेटर-कम-ऑपरेटरच्या, म्हणजे मशीन जुळवून चालवणाऱ्याच्या, दोन जागांसाठी साठेक सीव्ही आले. निम्म्याहून जास्त सीव्हींवर नावाखाली तेच वाक्य: 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट...'. पोरांना दोष देत नाही. सीनियरची फाइल मिळते, नाव बदलायचं आणि प्रिंट काढायची, हेच त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं.

एकाने मात्र लिहिलं होतं: 'मेकॅनिकल डिप्लोमा, 2021. तीन वर्षं फॅनक कंट्रोलच्या सीएनसी लेथवर सेटिंग. ड्रॉइंग वाचून ऑफसेट देतो, फर्स्ट पीस स्वतः तपासतो. रात्रपाळीत एकट्याने दोन मशीन सांभाळली आहेत. पूर्ण प्रोग्राम लिहायला अजून शिकतोय.'

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच फोन लावला. जे येत नाही ते आपणहून सांगणारा मुलगा मायक्रोमीटरचं रीडिंगही खरंच सांगेल, असं वाटलं.

म्हणून म्हणतो, हा परिच्छेद हवाच. बाकीचा सीव्ही पुरा झाल्यावर लिहावा, स्वतःच्या शब्दांत.

कृष्णाकाठ:
फ्रेशर्सपुरतं तरी अजिबात पटत नाही. मी सांगलीकडे पॉलिटेक्निकला शिकवतो. तुमच्या त्या मुलाकडे सांगायला तीन वर्षं होती. माझ्या शेवटच्या वर्षाच्या पोराकडे एक ट्रेनिंग आणि एक प्रोजेक्ट, बस. त्याला 'स्वतःबद्दल चार ओळी लिही' म्हटलं की 'हार्डवर्किंग, डायनॅमिक, क्विक लर्नर' येणारच. त्यापेक्षा ती जागा रिकामी करा आणि प्रोजेक्ट वर घ्या.

आणि इंग्रजीचं काय? वर्कशॉपमध्ये जो पोरगा जिग (काम पकडून ठेवायचा साचा) कसा बसवला ते मराठीत दहा मिनिटं न अडखळता सांगतो, तोच इंग्रजीत दोन ओळी लिहिताना घामाघूम होतो. मग तो दुसऱ्याच्या ओळी उचलतो.

भोसरीकर:
मग मराठीत लिहू दे की. आमच्याकडे चालेल.

रुजू:
तुमच्याकडे चालेल, मोठ्या कंपनीत नाही. तिथे आधी सॉफ्टवेअर इंग्रजी शब्द शोधतं, माणसाची पाळी नंतर येते. मी बारा वर्षं भरतीच्या कामात आहे. 'लॅडर्स' या अमेरिकी नोकरी-संकेतस्थळाने 2018 मध्ये रिक्रूटरांच्या नजरेचा माग घेतला होता. पहिल्या नजरेत एका सीव्हीला सरासरी 7.4 सेकंद मिळाले. माझा अनुभवही तोच आहे. मी आधी हुद्दा, कंपनी, तारखा बघते. तिथे काही जुळलं नाही तरच वरच्या परिच्छेदाकडे परत येते. सरळ चाललेल्या करिअरला तो नसला तरी अडत नाही. ज्याची वाट मध्येच वळली, त्याला मात्र तो लागतोच.

पुन्हा_एकदा:
रुजू, माझीच गोष्ट सांगितलीत. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलेली मी, पाच वर्षं हिमॅटोलॉजीत, म्हणजे रक्ततपासणीत काम, मग सात वर्षं घरी. परत अर्ज करताना पहिली ओळ लिहिली होती, 'कौटुंबिक कारणांमुळे करिअरमध्ये खंड पडला, तरी...'. सुरुवातच माफी मागून! एकही फोन आला नाही.

मग बहिणीने समोर बसवून लिहून घेतलं: 'लॅब टेक्निशियन, हिमॅटोलॉजीत पाच वर्षं. रोज शंभरेक नमुने, स्मिअर स्वतः बघायची सवय. 2016 ते 2023 मुलं आणि सासूबाईंचं आजारपण सांभाळलं. आता पूर्णवेळ उपलब्ध, पहाटेच्या पाळीलाही.' तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. एका ठिकाणी तासभर फक्त त्या सात वर्षांबद्दलच विचारत राहिले, ते अजून खुपतं. पण दुसऱ्या ठिकाणी थेट रक्ताची स्लाइड तपासायला हातात दिली.

कृष्णाकाठ:
ताई, तुमच्या बाबतीत मान्य. तुमच्यापाशी दडवलं गेलेलं काम होतं, ते वर आणलंत. माझा मुद्दा ज्यांनी अजून काम केलेलंच नाही त्यांचा आहे.

भोसरीकर:
सर, तुमच्या त्या पोराने प्रोजेक्टमध्ये नेमकं काय केलं?

कृष्णाकाठ:
उसाचे डोळे काढायचं यंत्र. पातं तीनदा मोडलं. चौथ्यांदा त्याने भंगारातून ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आणला, घासून पातं केलं. ते टिकलं.

भोसरीकर:
अहो, हेच नावाखाली लिहा ना! दोन ओळी झाल्या.

कृष्णाकाठ:
लिहायला लावतो. पण 'प्रोजेक्ट' या मथळ्याखालीच.