समाजकार्याच्या नोकरीतून राजकारणात जाताना कोणती तयारी करावी?

प्रश्न

नमस्कार. गेली अनेक वर्षे मी कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत समाजकार्यकर्ती आहे. गृहभेटी, समुपदेशन, निवारागृहात जागा मिळवून देणे आणि सरकारी कार्यालयांत पाठपुरावा करणे हे माझे रोजचे काम. घर सोडून आलेली स्त्री भत्त्यासाठी अर्ज करते तेव्हा तिच्याकडे राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला जातो, आणि तिच्याजवळ असलाच तर तो ज्या घरातून ती जीव मुठीत धरून बाहेर पडली त्याच घराचा असतो. अशा वेळी मी एखाद्या समजूतदार अधिकाऱ्याला गाठून मार्ग काढते, पण काही दिवसांनी दुसरी स्त्री त्याच खिडकीसमोर त्याच कारणासाठी अडलेली असते. नियम जिथे ठरतात तिथेच आता आपण जायला हवे, असे मला मनापासून वाटू लागले आहे. स्थानिक निवडणुकीसाठी एका पक्षाने माझ्याकडे उमेदवारीची विचारणाही केली आहे.

ज्यांना आपण अडचणीच्या काळात मदत केली, त्यांच्याकडे मत मागणे योग्य ठरेल का? नोकरी केव्हा सोडावी? आणि प्रत्येक बाजू ऐकून घेण्याची सवय लागलेल्या माणसाचा पक्षशिस्तीत निभाव लागतो का? या वाटेने गेलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १

मीही समाजकार्याचे शिक्षण घेऊन काही काळ बालसंरक्षणाचे काम केले आणि नंतर स्थानिक परिषदेवर निवडून आलो. आपला पहिला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

आपल्या भागातील मतदार म्हणून त्या स्त्रियांपर्यंत आपला प्रचार पोहोचला, तर त्यात गैर काहीच नाही. मात्र संस्थेच्या नोंदींतला एकही दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ता प्रचारासाठी वापरू नये, आणि कोणाचीही कहाणी, नाव बदलूनसुद्धा, भाषणात सांगू नये. लहान वस्तीत दोन तपशिलांवरून माणूस ओळखला जातो. घरोघर फिरताना एखादे दार उघडेल आणि समोर आपल्याकडे कधीकाळी आलेली स्त्री उभी असेल. अशा वेळी तिने ओळख दाखवली तरच आपण दाखवावी, नाहीतर इतर कोणाही मतदाराशी बोलतो तितकेच बोलून पुढे जावे. आपल्यासोबत चार कार्यकर्ते असतात, शेजारचे लोक दारातून पाहत असतात, आणि ती आपल्याकडे आली होती हे तिच्या घरातही कोणाला ठाऊक नसेल. उमेदवाराला प्रत्येक हसरा चेहरा हवा असतो, त्यामुळे हा संयम प्रचाराच्या धामधुमीत फार कठीण जातो. पण तो सुटला तर आपल्यामागे संस्थेत काम करणाऱ्यांवरचा विश्वासही जातो.

नोकरीबाबत माझे मत स्पष्ट आहे. उमेदवारी जाहीर होण्यापूर्वीच राजीनामा द्यावा किंवा नियमांत बसत असेल तर बिनपगारी रजा घ्यावी. चालू प्रकरणे सहकाऱ्यांकडे रीतसर सोपवावीत आणि यापुढे कोण भेटेल हे प्रत्येकीला स्वतः सांगावे. देणग्यांवर किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला एका पक्षाच्या बाजूने उभे राहिल्याचा नुसता संशयसुद्धा परवडत नाही. संस्थेचे वाहन, कार्यालय आणि कार्यक्रमांची छायाचित्रे यांपासून प्रचार पूर्णपणे दूर ठेवावा. नियुक्तीपत्रातील अटी आणि निवडणुकीचे नियम एखाद्या जाणकार वकिलाकडून आधीच तपासून घ्यावेत, कारण सरकारी पगारावर असलेल्यांना निवडणूक लढवण्याची मुभा अनेक ठिकाणी नसते.

उत्तर २

या वाटेने पूर्वी बरेच जण गेले आहेत. क्लेमंट ॲटली यांनी पूर्व लंडनमधील स्टेपनी या गरीब भागात मुलांचे मंडळ चालवले आणि पुढे समाजकार्याचे अध्यापनही केले. १९१९ मध्ये ते त्याच स्टेपनीचे महापौर झाले, १९२२ मध्ये संसदेत गेले आणि १९४५ मध्ये पंतप्रधान झाले. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ मध्ये सुरू झाली ती त्यांच्याच सरकारच्या काळात. बार्बरा मिकुल्स्की या बाल्टिमोरमधल्या समाजकार्यकर्त्या. वस्त्या उद्ध्वस्त करून जाणाऱ्या महामार्गाविरुद्ध त्यांनी लोकांना संघटित केले, त्यातून १९७१ मध्ये त्या नगर परिषदेवर निवडून आल्या आणि पुढे तीन दशके अमेरिकेच्या सिनेटमध्ये होत्या.

मला अधिक विचार करायला लावते ती मात्र एक पराभवाची हकिगत. जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागोतील गरीब वस्तीत हल हाऊस हे समाजसेवा केंद्र सुरू केले. प्रभागातील कचऱ्याचा प्रश्न त्यांनी इतका लावून धरला की १८९५ मध्ये त्यांचीच कचरा निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. तरीही त्या प्रभागातील भ्रष्ट नगरसेवकाला हरवण्याचे हल हाऊसचे प्रयत्न फसले. ॲडम्स यांनी या अपयशाचा मोकळेपणाने विचार केला आणि असे मांडले की तो माणूस लोकांना नोकऱ्या लावून देत असे, लग्नाला आणि अंत्ययात्रेला हजर राहत असे, त्यामुळे मतदारांच्या दृष्टीने तो वेळेला धावून येणारा शेजारीच होता. आपण मतदारांसमोर "मी इतक्या जणींना मदत केली" असे म्हणत गेलात, तर याच माणसाशी त्याच्याच मैदानावर स्पर्धा कराल, आणि मदतीच्या वाटपात तो आपल्यापेक्षा सरस असेल. "कोणाच्याही ओळखीवाचून हा अर्ज मंजूर झाला पाहिजे" ही मागणी फक्त आपण करू शकता, कारण ओळखीवर काम कसे चालते हे त्या खिडकीसमोर उभे राहून आपण पाहिले आहे.

उत्तर ३

पक्षशिस्तीबद्दल थोडे लिहिते. मी एका पक्षाच्या स्थानिक कार्यकारिणीत काम केले आहे. पक्षाला उमेदवार हवा असतो तेव्हा आपला शब्द जितका ऐकला जातो, तितका निकालानंतर क्वचितच ऐकला जातो, म्हणून अटी आत्ताच घालाव्यात. फ्रान्सिस पर्किन्स यांना १९३३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कामगार खात्याचे मंत्रिपद देऊ केले, तेव्हा वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन, बेकारी विमा, किमान वेतन आणि बालमजुरीवर बंदी हा आपला कार्यक्रम मान्य असेल तरच येते, असे त्यांनी आधीच सांगितले होते. सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ मध्ये झाला, त्यामागे ही पूर्वतयारी होती. आपण एक-दोनच मुद्दे निवडावेत आणि त्यांवर पक्षाचा आदेश आला तरी विरोधात मत देणार नाही, हे लेखी कळवावे. इतर शेकडो विषयांवर तडजोड करावी लागेल. ती मला अप्रामाणिकपणाची वाटत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. दारात उभ्या असलेल्या स्त्रीला आधी ओळख दाखवू द्यावी, हे मला सुचले नव्हते. प्रकरणे सोपवण्याबाबत संस्थेच्या विश्वस्तांशी या महिन्यातच बोलते. पत्त्याच्या पुराव्याऐवजी निवारागृहाचा दाखला ग्राह्य धरावा, ही माझी पक्षाकडे पहिली अट असेल.

उत्तर १ देणाऱ्यांकडून

अट घालण्यापूर्वी तो नियम नेमका कोण करते हे शोधून काढावे. भत्त्याचे नियम बहुधा वरच्या सरकारचे असतात आणि स्थानिक परिषदेच्या हाती फक्त अंमलबजावणी असते. तसे असेल तर परिषदेत ठराव होईल, टाळ्या पडतील आणि अर्ज मात्र तसाच राहील. निवारागृहांसाठीची तरतूद, तिथल्या कर्मचाऱ्यांची संख्या आणि रहिवासाचे दाखले देण्याची पद्धत या बाबी पुष्कळदा स्थानिक पातळीवर ठरतात. आपल्याकडेही तसेच असेल, तर निवारागृहाच्या पत्त्यावर रहिवासाचा दाखला देण्याची सोय परिषद स्वतःच करू शकेल, आणि मग मूळ नियम बदलेपर्यंत थांबावे लागणार नाही.