मुलांच्या संस्थेतलं फील्डवर्क : ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव सांगा

सोनचाफा

भाचीला यंदा एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) प्रवेश मिळाला आणि परवा तिची प्लेसमेंट लागली. तुर्भ्याकडच्या वस्तीत काम करणारी मुलांची एक संस्था. रात्री फोन करून विचारते, "मावशी, पहिल्या दिवशी तिथे जाऊन नक्की करायचं काय?" मी स्वतः दोन वर्षं हेच केलंय, पण पटकन काही सांगता येईना. छत्री ने आणि चपला नको, बूट घाल, एवढंच सुचलं. म्हणून हा धागा. ज्यांनी ज्यांनी हे केलंय, करताय किंवा दुसऱ्या बाजूने बघितलंय, त्यांनी लिहा. संस्थांची नावं नकोत, मुलांची तर नकोतच.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी : आठवड्यातले दोन दिवस संस्थेत काम (आम्ही संस्थेला 'एजन्सी' म्हणायचो), प्रत्येक दिवसाचं रेकॉर्डिंग लिहून द्यायचं, आठवड्याला एकदा कॉलेजच्या मॅडमबरोबर आयसी, म्हणजे तुम्ही दोघीच आणि मध्ये तुमची वही. शेवटी महिनाभर ब्लॉक, म्हणजे रोज पूर्णवेळ संस्थेतच.

सुरुवात मीच करते. २००८. दिघ्याच्या मागे, डोंगराच्या अंगाला दगडखाणी होत्या, तिथली वस्ती. बहुतेक घरं वडार समाजाची. आईबाप खाणीवर, आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर घर सांभाळायची. मी ठरवलं, हिला शाळेत घालायचं. शाळेने जन्मदाखला मागितला. तो नव्हता. आईला जन्मतारीख विचारली तर म्हणाली, धाकटा सव्वीस जुलैच्या पुरात पोटात होता आणि ही तेव्हा दुधाचे दात पाडत होती. मला वाटलं, वा, आकडेमोड जमते की! पण मुख्याध्यापकांना पुराच्या कॅलेंडरवर प्रवेश देता येईना. (वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, हे शिक्षण हक्क कायद्याने आलं, पण तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला. माझ्या मुलीला दोन वर्षं उशिरा.) मग प्रतिज्ञापत्र, नगरसेवकाचं पत्र, शाळेच्या चकरा. ऑगस्ट ते डिसेंबर. माझ्या वहीत चौदा होम व्हिजिट्स आहेत.

प्रवेश झाला. जानेवारीत मुकादमाने काम दुसऱ्या खाणीवर हलवलं आणि अख्खं घर एका टेम्पोत निघून गेलं. मी आयसीला जाऊन रडले. मॅडमनी पाणी दिलं, वही पहिल्या पानापासून चाळली आणि विचारलं, "शाळेत जायचंय का, हे तू तिला कुठल्या व्हिजिटला विचारलंस?"

चौदा व्हिजिट्स. एकदाही नाही.


आठबाराची लोकल

रेकॉर्डिंग! नाव काढलं तरी हात दुखतो. मी एकदा लिहिलं, "खेळ घेतल्यावर मुले आनंदी झाली." सरांनी समासात लाल शाईने लिहिलं, "कशावरून?" पुढच्या आठवड्यात, "मुले शिस्तीत बसली होती." परत "कशावरून? का? किती वेळ?" वर्षाअखेरीस मी असं लिहायला लागलो : 'तीन मुलं भिंतीला टेकून बसली, एक दारात उभा राहिला, बोलावलं तरी आत आला नाही, पण गेलाही नाही.' सरांनी पहिल्यांदा काहीच लिहिलं नाही. तेव्हा कळलं की बरोबर आलंय.

ठाण्याहून जाणाऱ्यांना एक व्यवहारातली सूचना. ट्रान्स-हार्बरची एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट बघण्यात अर्धी बालवाडी संपते. मुलं थांबत नाहीत.


खाडीपलीकडे

मी पुरुष विद्यार्थी, वर्गात आम्ही तिघेच. २०११. ठाणे स्टेशनवर एकट्या सापडणाऱ्या मुलांसाठी काम करणारी संस्था होती. मुलं पहिल्यांदा विचारायची, "दादा, पोलिसवाला है क्या?" माझी मिशी हे कारण असावं. दुसऱ्या महिन्यात काढली.

एका संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर अकरा-बारा वर्षांचा मुलगा भेटला. कळव्याला काकांकडे राहतो, काका मारतात म्हणून पळालो, म्हणाला. मी त्याला वडापाव दिला, समजूत घातली आणि सरळ रिक्षात बसवून काकांकडे सोडायला निघालो. कळवा काय, खाडी ओलांडली की आलंच. आमच्या संस्थेच्या कार्यकर्त्याने रिक्षा अक्षरशः हाताने अडवली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मूल म्हणजे लोकलमध्ये राहिलेली छत्री आहे का रे, पत्ता बघून पोचती करायला?"

मग रीतसर सगळं : पोलिसात नोंद, वैद्यकीय तपासणी आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलाचं पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्या समितीसमोर. (तेव्हा बाल न्याय कायदा २००० सालचा होता, आता २०१५ चा आहे. २४ तासांची अट दोन्हींत.) माझ्या डोक्यात समिती म्हणजे सिनेमातलं कोर्ट. प्रत्यक्षात एक लांब टेबल, कुरकुरणारा पंखा आणि पलीकडे अध्यक्ष मॅडम. मुलाला त्यांनी आधी विचारलं, जेवलास का. आणि बऱ्याच वेळाने, "काकांच्या घरात झोपायला कुठे मिळतं?" तो म्हणाला, मशीनखाली.

काका म्हणजे बॅगांच्या कारखान्याचा शेठ. गावाहून आणलेली सगळीच मुलं त्याला काका म्हणायची. मी त्या मुलाला वडापाव खायला घालून परत मशीनखाली पोचवणार होतो.

१०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ असू द्या. आम्ही तो 'दस नौ आठ' असाच म्हणायचो, कारण मुलांच्या तोंडी तसाच बसतो. १९९६ साली हे काम सुरू झालं तेच मुळात टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या फील्ड प्रकल्पातून, म्हणजे आपल्याच जातकुळीतून. २०२३ पासून ते सरकारी यंत्रणेकडे गेलंय, पण नंबर तोच आहे.


मधली सुट्टी

धागा दोनदा वाचला. लिहू की नको असं झालं होतं. मी विद्यार्थी नव्हतो, मी 'केस' होतो.

नवी मुंबईतल्या एका संस्थेच्या वसतिगृहात मी सहावी ते दहावी राहिलो. दर जुलैत नवीन ताई किंवा दादा यायचे. सगळ्यांकडे कोरी वही, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच : "तुझ्या घरी कोण कोण आहे?" मग चौकोन, गोल काढून घराचं झाड काढायचे. माझे वडील वारले होते. त्यांच्या चौकोनावर फुली मारायची असते. सहावीत मारली, सातवीत मारली. आठवीला आलेल्या ताईला मी सांगितलं, वडील दुबईला असतात आणि मला चार बहिणी आहेत. तिने चारही गोल नीट काढले. नावं विचारली, ती वर्गातल्या मुलींची सांगितली. नववीच्या दादाला सांगितलं, वडील परत आलेत. तो इतका खूश झाला की मलाच वाईट वाटलं.

सांगायचं हे की आमची फाईल तिथेच कपाटात होती. कुणीच आधी वाचायचं नाही. की वाचायला द्यायचे नाहीत, देव जाणे.

राग नाही. चार बहिणींवाली ताई गणित फार छान शिकवायची. दशांश अपूर्णांक मला अजून तिच्याच आवाजात आठवतात.


सोनचाफा

मधली सुट्टी, हे वाचून उठले आणि माझ्या जुन्या वह्या काढल्या. आमच्याही वह्यांत ती झाडं आहेत. किती फुल्या मारल्यात मी.


कुलूपकिल्ली

फाईल का देत नाहीत याचं उत्तर देते. ठाण्यातल्या एका संस्थेत बारा वर्षं काम करतेय, विद्यार्थ्यांची जबाबदारी माझ्याकडेच. मुलाची माहिती गोपनीय असते. बावीस वर्षांच्या मुलीला पहिल्याच दिवशी अख्खी फाईल दिली आणि तिने ती ट्रेनमध्ये मैत्रिणीला वाचून दाखवली, असं आमच्याकडे घडलंय. तेव्हापासून कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात. पण मधल्या सुट्टीचं वाचून वाटलं की निदान एक पान काढून द्यायला हवं : हे विचारून झालंय, पुन्हा विचारू नका.

आता आमची बाजूही ऐका. विद्यार्थी जूनअखेर उगवतात, सप्टेंबरपर्यंत बुजतात, दिवाळीनंतर कामाचे होतात आणि फेब्रुवारीत परीक्षा. मग दोन वर्षं उराशी धरून बसलेली हौस एका बालमेळाव्यात काढतात. फुगे, चार्ट, पथनाट्य. मेळावा चांगला होतो हो, पण मला खरं हवं असतं ते वेगळंच. कुणीतरी सलग दहा गुरुवार तहसील कार्यालयात बसावं. विमुक्त-भटक्या समाजातल्या मुलाला जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा गावोगाव दगड फोडत हिंडले, त्यांचा १९६१ चा कागद कुठून आणायचा? एका विद्यार्थ्याने तो आणला होता. आजोबांच्या चुलतभावाचा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या रजिस्टरमधला. स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या खर्चाने. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये यावर दोन ओळी होत्या आणि मार्क बेताचेच पडले.


बेलापूर पट्टी

कुलूपकिल्ली ताई, "स्वतःच्या खर्चाने" हे इतकं सहज लिहू नका ना. मी रबाळ्याला जायचे तेव्हा पास, शेअर रिक्षा, डबा नसेल त्या दिवशीचं खाणं, सगळं घरून. शिवाय देणगीदार यायचे त्या दिवशी आम्हा विद्यार्थिनींना रांगोळी, खुर्च्या आणि मुलांना एकसारखे टीशर्ट घालणं. त्याला 'इव्हेंट मॅनेजमेंटचा अनुभव' म्हणायचे. मुलांनी केक हातात धरून फोटो काढायचा, मग केक आत. खायला संध्याकाळी, फोटोत न दिसणारे छोटे तुकडे. मी रेकॉर्डिंगमध्ये हे लिहिलं तर संस्थेच्या मॅडमनी सही करायला आठवडा लावला.


कुलूपकिल्ली

मान्य. खुर्च्या मीही मांडायला लावल्यात. पण त्या केकवाल्यांच्या पैशातून ज्यांचा पगार निघतो त्यात मी पण आहे, हेही लिहून ठेवते. चेहरे दिसणारे फोटो मात्र आमच्याकडे बंद केले. बाल कल्याण समितीमार्फत आलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाईच आहे. आम्ही ते सगळ्याच मुलांना लावलं. आता देणगीदारांना पाठमोरी मुलं दाखवतो. एकाने विचारलं, ही आमच्यावर रुसलीत का?


निळी वही

थोडक्यात लिहिते, कारण अजून नीट लिहिता येत नाही. २०१६, वागळे इस्टेटच्या बाजूची वस्ती. गोष्टींचा तास झाल्यावर एक मुलगी मागे थांबली. "दीदी, एक बात है, किसी को बोलना मत." मी म्हणाले, नाही सांगणार. मग तिने सांगितलं.

ते सांगावंच लागतं. पोक्सो कायदा, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा), वर्गात शिकले होते, परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. असं कळल्यावर पोलिसांना माहिती न देणं हा गुन्हा आहे. संस्थेच्या ताईंनी सगळं अतिशय नीट केलं, मुलीची आई पाठीशी उभी राहिली, पुढचंही मार्गी लागलं. पण मुलगी माझ्याशी पुन्हा बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

सोनचाफा, भाचीला एवढं सांगा. कुणी "कुणाला सांगू नको" म्हणालं, तर ऐकायच्या आधी म्हणायचं, "तुला मदत लागणार असेल तर मला एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल. पण आधी तुला विचारून, तुझ्या समोर." मला हे कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. त्या क्षणी तोंडातून "नाही सांगणार" एवढंच आलं.


पुलाखाली

वातावरण जड झालंय म्हणून एक हलकं. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून कंटेनरमध्ये सिग्नल शाळा भरते, ती बऱ्याच ठाणेकरांनी गाडीतून पाहिली असेल. मी तिथे नव्हतो, पण दुसऱ्या एका सिग्नलवरच्या मुलांबरोबर होतो. त्यांना रंग शिकवायला गेलो. लाल, पिवळा, हिरवा. सगळी माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. एकजण म्हणाला, "सर, लाल नव्वद सेकंद, त्यात चार गाड्या होतात. पिवळ्यात पळायचं." मग त्या दिवशी त्यांनी मला शिकवलं. कुठली काच खाली होणार हे गाडी थांबायच्या आधी कसं ओळखायचं, ते मला आजही बऱ्यापैकी जमतं.

आता बँकेत आहे. शिक्षण वाया गेलं असं सासरे म्हणतात.


सोनचाफा

सगळ्यांना धन्यवाद. भाचीला धागा पाठवला होता, काल तिचा पहिला दिवस झाला. तिने शहाण्यासारखी फाईल मागितली. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, त्या रजेवर. (कुलूपकिल्ली ताई, तुम्ही नाही ना?) मग बालवाडीच्या दारातल्या चपला जोड्या लावून ठेवल्या, दोन मुलांची नाकं पुसली, आणि कुणाच्या घरी कोण कोण असतं हे विचारलं नाही.

दुपारी पाचवीतली एक मुलगी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "दीदी, तू पण मार्चपर्यंतच ना?"

ही म्हणाली, हो.

"मग आधी भागाकार घे. गोष्टी नंतर."