लिनबीपीक्यू मेल: वैयक्तिक संदेश जातात, पण बुलेटिनं शेजारच्या बीबीएसकडे जात नाहीत

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. हौशी रेडिओवरच्या पॅकेट मेलसाठी रास्पबेरी पाय ३ (छोटा संगणक) वर लिनबीपीक्यू (नोड आणि मेलचं सॉफ्टवेअर) आणि डायरवुल्फ (साऊंडकार्डाचा मोडेम करणारं सॉफ्टवेअर) चालू आहे. २ मीटर, १२०० बॉड, सीएम१०८ चिपचं यूएसबी साऊंडकार्ड, रेडिओ सध्या व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप प्रसारण). नोडला (जोडणी पुढे नेणारा भाग) -७ आणि बीबीएसला (संदेशांची टपालपेटी) -१ हा एसएसआयडी (कॉलसाइनपुढचा आकडा) दिलाय. शेजारचा बीबीएस घाटाखाली आहे, तो थेट ऐकू येत नाही. घाटमाथ्यावर एक लिनबीपीक्यू स्टेशन आहे, त्याला डिजिपीटर (ऐकलेली फ्रेम तशीच पुन्हा पाठवणारा) म्हणून वापरून कनेक्ट करतो.

बीपीक्यू३२ डॉट सीएफजी मध्ये पहिलं पोर्ट टेलनेट (८०१०, वेबसाठी ८०८०), दुसरं किस ओव्हर टीसीपी (डायरवुल्फशी जोडणी, १२७.०.०.१, पोर्ट ८००१). रेडिओ पोर्टला टीएक्सडिले (प्रसारण सुरू करून माहिती पाठवण्याआधीची वाट) ३००, फ्रॅक (पोचेची वाट बघण्याची वेळ) ३०००, पॅकलेन (फ्रेममधल्या मजकुराची लांबी) २५६, मॅक्सफ्रेम (एका दमात जाणाऱ्या फ्रेम) ४, रिट्राइज (पुन्हा प्रयत्न) १०. अ‍ॅप्लिकेशन १ ला बीबीएस, लिनमेल चालू.

अडचणी दोन. वैयक्तिक संदेश तासातासाला व्यवस्थित जातात, पण बुलेटिनं (सगळ्यांसाठीचे संदेश) जागची हलत नाहीत. यादीत त्यांच्यासमोर एन (न वाचलेला) दिसतो आणि तसाच राहतो. दुसरं, तीन-चार केबीचा संदेश असला की सेशन मध्येच तुटतं, लॉगमध्ये रिट्राय संपल्याचं दिसतं. छोटे संदेश मात्र सुरळीत जातात.

मेल मॅनेजमेंटमध्ये पार्टनरला (शेजारच्या बीबीएसला) बीबीएसचा टिक आहे, फॉरवर्डिंग एनेबल आहे. जागेवर इंटरनेट नाही.

घाटमाथा

कृष्णाकाठ ओएम (हॅम मंडळींचं संबोधन), आधी बुलेटिनचं बघू. दुसरी अडचण वेगळ्या थरातली आहे, दोन्ही एकत्र सोडवायला गेलात तर गोंधळ होईल.

फॉरवर्डिंगच्या पानावर पार्टनरच्या नावाखाली हायरार्किकल रूटचे (क्षेत्रांच्या उतरंडीच्या पत्त्याचे) दोन वेगळे चौकोन असतात. एक फ्लड (सगळीकडे पसरवायच्या) बुलेटिनसाठी, दुसरा वैयक्तिक संदेश आणि ठरावीक दिशेच्या बुलेटिनसाठी. तुमचं वैयक्तिक जातंय म्हणजे दुसरा भरलेला आहे. पहिला रिकामा असणार. तिथे डब्ल्यूडब्ल्यू टाका, म्हणजे आयएनडी (भारत), एएस (आशिया), डब्ल्यूडब्ल्यू (जग) अशी सगळी फ्लड बुलेटिनं त्या पार्टनरकडे जातील. एकच पार्टनर असताना यापेक्षा बारकाईची गरज नाही.

आता तुमचा स्वतःचा एच-रूट (हायरार्किकल रूट) बघा, मुख्य कॉन्फिगरेशनच्या पानावर. बुलेटिन फ्लड करायचं की नुसतं एका दिशेला ढकलायचं, हे सॉफ्टवेअर त्यावरून ठरवतं. बुलेटिनवर लिहिलेल्या क्षेत्रात आपला बीबीएस बसत असेल तर फ्लड, बसत नसेल तर त्या क्षेत्राकडे जाणारा एकच रस्ता. एच-रूट नुसता जिल्ह्याच्या नावाचा ठेवला तर आयएनडीवरचं बुलेटिनसुद्धा परक्या क्षेत्रातलं ठरू शकतं. पूर्ण लिहा: हॅश लावून स्थानिक भाग, मग आयएनडी, मग खंड. खंडाच्या जागी बरेच जण एशिया लिहितात. चार अक्षरी जुन्या यादीत भारतीय उपखंडासाठी आयएनडीआय असा वेगळा कोड आहे, एशिया हा पूर्वेकडच्या देशांसाठी. दोन अक्षरी एएस लिहिलं तर तो प्रश्नच उरत नाही. पार्टनरच्या नोंदीतला बीबीएस एचए (त्याचा असाच पत्ता) हा चौकोनही त्याच पद्धतीने भरा.

तिसरी गोष्ट: बुलेटिन लिहिताना नुसतं "एसबी ऑल" केलं, पुढे ॲट आयएनडी दिलं नाही, तर ते स्थानिकच राहतं. ते तसंच असायला हवं, तो दोष नाही.

आणि हे लक्षात ठेवा, रस्ता ठरतो तो संदेश येतो त्या क्षणी. आज रूट बदलला म्हणून कालची बुलेटिनं आपोआप रांगेत लागत नाहीत. सिसॉप (बीबीएस चालवणारा) म्हणून लॉगिन होऊन रीरूटएमएसजीज ही आज्ञा द्या. मग यादीत एनच्या जागी $ दिसायला हवा, म्हणजे पुढे जायचं बाकी आहे. गेल्यावर एफ होतो. एक तास थांबायचं नसेल तर एफडब्ल्यूडी, पार्टनरचा कॉल, नाऊ.

बारा_व्होल्ट

सेशन तुटण्याबद्दल. आकडे मांडले की कारण दिसतं.

१२०० बॉडला २५६ बाइटची फ्रेम, पत्ते वगैरे धरून साधारण २७५ बाइट, म्हणजे २२०० बिट, म्हणजे पावणेदोन सेकंदांच्या वर. मॅक्सफ्रेम ४ असल्याने एका दमात सात सेकंदांहून जास्त प्रसारण. फ्रॅक मात्र ३ सेकंद. किसवर फ्रेम सोपवली की बीपीक्यूचं घड्याळ सुरू होतं, ती प्रत्यक्ष हवेत कधी गेली हे त्याला कळत नाही. तुमचाच रेडिओ अजून बोलत असताना ते "उत्तर आलं नाही" असं धरून विचारणा रांगेत टाकतं. संदेश छोटा असेल तर एकच फ्रेम जाते, म्हणून तिथे त्रास दिसत नाही.

त्यात चार फ्रेमपैकी पहिलीच खराब झाली तर पुढच्या तीन धड असूनही परत पाठवाव्या लागतात.

असं ठेवून बघा: पॅकलेन १२८, मॅक्सफ्रेम २, फ्रॅक ७०००, रेस्पटाइम (पोच देण्याआधीची वाट) १०००, रिट्राइज १०, पर्सिस्ट ६३, स्लॉटटाइम (चॅनेल पुन्हा तपासण्याचं अंतर) १००. १२८ ची फ्रेम साधारण एका सेकंदात जाते. पर्सिस्ट ६३ म्हणजे चॅनेल मोकळा दिसल्यावर दर स्लॉटला पाव शक्यतेने प्रसारण. वर्दळ नसेल तर १२७ करा.

डायरवुल्फच्या फाइलमध्ये टीएक्सडिले ३० लिहिलेला असेल, तो १० मिलिसेकंदांच्या एककात असतो, बीपीक्यूमधला मिलिसेकंदांत. दोन्ही ३०० मिलिसेकंदच. पण किसवरून बीपीक्यू स्वतःची मूल्यं पाठवतं आणि डायरवुल्फची झाकली जातात. म्हणून बदल करायचा तो बीपीक्यूच्या फाइलमध्ये. एकीकडे बदलून काही फरक पडत नाही म्हणून लोक वैतागतात, त्याचं कारण हे.

आता व्हॉक्स. तो आधी काढा. आवाज थांबल्यावरही व्हॉक्स रेडिओला अर्धा सेकंद किंवा जास्त प्रसारणातच अडकवून ठेवतो. तेवढ्यात समोरच्याने पोच दिलेली असते आणि ती तुमच्या बहिऱ्या रेडिओवर आदळते. कुठलंही मूल्य बदललं तरी ही चूक भरून निघत नाही. सीएम१०८ च्या १३ नंबरच्या पिनवर जीपीआयओ ३ (सॉफ्टवेअरने चालू-बंद होणारी जोडणी) असतो. तिथून ४.७ किलोओमचा रोध बीसी५४७ च्या बेसला, एमिटर जमिनीला, कलेक्टर रेडिओच्या पीटीटीला (प्रसारण सुरू करणारी तार). डायरवुल्फच्या फाइलमध्ये "पीटीटी सीएम१०८" ही ओळ. काही स्वस्त कार्डांवर चिप काळ्या डांबराच्या थेंबाखाली असते, तिची पिन सापडत नाही. मग रास्पबेरी पायचाच जीपीआयओ घ्या, उदाहरणार्थ "पीटीटी जीपीआयओ २५", ट्रान्झिस्टर तोच.

सीएम१०८ वापरलं आणि परवानगी नाही अशी तक्रार आली तर कार्डाचं हिडरॉ उपकरण रूट (लिनक्सचा मुख्य वापरकर्ता) च्या ताब्यात आहे. यूडेव्हचा (लिनक्समधली उपकरणांची व्यवस्था) नियम लिहून ते ऑडिओ गटाला ०६६० ने द्या आणि कार्ड काढून परत लावा.

ऐकण्याची पातळीही तपासा. डायरवुल्फ प्रत्येक फ्रेमसोबत ऑडिओ लेव्हल दाखवतो, ती ५० च्या आसपास ठेवा. कंसातले दोन आकडे म्हणजे दोन स्वरांची, १२०० आणि २२०० हर्ट्झची ताकद. दुसरा पहिल्यापेक्षा फारच कमी असेल तर वरचा स्वर कुठेतरी दबतोय.

घाटमाथा

बारा_व्होल्ट यांच्या म्हणण्यात भर. मधलं स्टेशन लिनबीपीक्यूच आहे ना? मग त्याला डिजिपीटर म्हणून वापरू नका, नोड म्हणून वापरा. डिजिपीटरवर पोच टोकापासून टोकापर्यंत जावी लागते. एका टप्प्यात १०० पैकी ८० फ्रेम धड पोचतात असं धरलं, तर फ्रेमचे दोन टप्पे आणि पोचेचे दोन, मिळून ०.८ चा चौथा घात, म्हणजे ४१. नोडवर प्रत्येक टप्प्याची पोच त्याच टप्प्यात होते, त्यामुळे बिघडलेली फ्रेम एकाच टप्प्यावर परत जाते.

कनेक्ट स्क्रिप्ट दोन ओळींची होईल. पहिली "सी २" आणि घाटमाथ्याच्या नोडचा कॉल एसएसआयडीसह, दुसरी "सी" आणि पार्टनर बीबीएसचा कॉल-१. घाटमाथ्यावर एकापेक्षा जास्त रेडिओ पोर्ट असतील आणि पार्टनर त्याच्या नोड्सच्या यादीत नसेल तर दुसऱ्या ओळीतही तिथला पोर्ट नंबर द्या. इथला २ म्हणजे तुमच्या फाइलमधलं दुसरं पोर्ट. नंबर क्रमावरून ठरतात, म्हणून उद्या टेलनेटच्या वर नवं पोर्ट घातलंत तर स्क्रिप्ट चुकीच्या पोर्टवर जाईल. नवं पोर्ट शेवटी घाला. मधल्या नोडच्या स्वागताच्या मजकुरात > हे चिन्ह किंवा "कनेक्टेड" हा शब्द नसावा, स्क्रिप्टला तोच प्रॉम्प्ट वाटतो आणि ती वेळेआधी पुढची ओळ सोडते.

फॉरवर्डिंगमध्ये बी१ चालू ठेवा. संदेश दाबून जातो आणि सेशन तुटलं तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो. एफबीबी मॅक्स ब्लॉक (एका गठ्ठ्याची मर्यादा) १०००० असेल तर अशा लिंकवर २००० करा.

कृष्णाकाठ

घाटमाथा ओएम, बारा_व्होल्ट, मनापासून आभार. फ्लडचा चौकोन रिकामाच होता. आता $ येतो आणि सेशननंतर एफ होतो. जीपीआयओ २५ वर पीटीटी घेतला, मूल्यं सांगितल्याप्रमाणे. चार केबीचा संदेश न तुटता जातो.

पण नवीनच प्रश्न. लॉगमध्ये माझ्या एफए प्रस्तावाला पलीकडून एफएस + येतो, म्हणजे त्याने बुलेटिन घेतलं. तरी तिथल्या वाचकांना ते यादीत दिसत नाही. तिथले सिसॉप म्हणतात त्यांच्याकडे एच लागलाय. वैयक्तिक संदेशांना काही होत नाही.

बारा_व्होल्ट

एच म्हणजे होल्ड. तुमच्या बुलेटिनची आर: ने सुरू होणारी ओळ (बीबीएस वेळेसह लावतो ती) त्यांना वाचायला सांगा, त्यातली तारीख बघा. रास्पबेरी पाय ३ ला घड्याळाची बॅटरी नाही. इंटरनेट नसेल तर तो चालू होताना शेवटची साठवलेली वेळ उचलतो. मध्ये महिनाभर बंद होता तर बुलेटिन महिनाभर जुनं ठरतं. बुलेटिनच्या वयाची मर्यादा पलीकडे लावलेली असते, ती ओलांडली की होल्ड. वैयक्तिक संदेशाला ती मर्यादा लागत नाही.

डीएस३२३१ चं (बॅटरीवरचं घड्याळ) छोटं मॉड्यूल लावा. ३.३ व्होल्ट, जमीन, एसडीए जीपीआयओ २ ला, एससीएल जीपीआयओ ३ ला. रास्पी-कॉन्फिगमधून आय२सी चालू करा, कॉन्फिग डॉट टीएक्सटी मध्ये "डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१", मग फेक-एचडब्ल्यूक्लॉक (शेवटची वेळ साठवणारा प्रोग्रॅम) काढून टाका, नाहीतर ते मध्ये लुडबुडतं. एकदा वेळ बरोबर लावून एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू ही आज्ञा द्या, ती वेळ मॉड्यूलमध्ये लिहिते. आर: ओळीत यूटीसी जातो, तेव्हा टाइमझोन बरोबर आहे ना तेही बघा, नाहीतर साडेपाच तासांचा फरक पडेल.

होल्ड झालेली बुलेटिनं तिथल्या सिसॉपना हाताने सोडता येतील. तुम्ही तीच परत पाठवलीत तर एफएस - (नकार) येईल, कारण बीआयडी (बुलेटिनची ओळख) त्यांच्याकडे आधीच नोंदलेला आहे. यातूनच पुढची एक खबरदारी: एसडी कार्ड बिघडून नव्याने मांडणी केलीत तर संदेश क्रमांक १ पासून सुरू होतात आणि बीआयडी क्रमांक आणि कॉल मिळून बनतो. जुने क्रमांक पार्टनरच्या आठवणीत असतात, तो नवे संदेश दुबार म्हणून नाकारतो. मांडणी झाल्या झाल्या, पहिला संदेश लिहिण्याआधी, पुढचा क्रमांक जुन्या शेवटच्या क्रमांकाच्या बराच वर नेऊन ठेवा.

रानवारा

याच धाग्यात विचारतो: बुलेटिन देवनागरीत लिहिलं तर चालतं का?

घाटमाथा

मजकूर चालतो. एएक्स.२५ ला (पॅकेट रेडिओचा नियमसंच) बाइट कुठला याच्याशी देणंघेणं नाही, आणि वेब पानावरून वाचणाऱ्याला यूटीएफ-८ नीट दिसतं. काना, मात्रा, वेलांटी धरून प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या रोमन मजकुराच्या तिप्पट. बी१ च्या दाबणीत त्यातलं बरंच वाचतं, पण साध्या टर्मिनलवरून वाचणाऱ्याला ते पूर्ण लांबीचं हवेतून द्यावं लागतं.

विषयाची ओळ मात्र रोमनमध्येच ठेवा. तिला ६० बाइटची मर्यादा आहे, देवनागरीत ती २० चिन्हांतच भरते. एकविसावं चिन्ह गळतं, आणि मध्ये रोमन अंक किंवा मोकळी जागा आली असेल तर चिन्ह अर्ध्यावरच तुटतं, मग शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतं. जुन्या डॉस टर्मिनलवर तर संपूर्ण ओळच वाचता येत नाही, आणि यादीत संदेश उघडायचा की नाही हे लोक त्या ओळीवरूनच ठरवतात. ७३ (शुभेच्छा).