मदत हवी आहे: ब्रश कटर कुठला घेऊ? रविवारच्या आत सांगा

बांधावरचा (गुरुवार, रात्री १०.४०)
मंडळी, शेतासाठी हेवी ड्यूटी ब्रश कटर (दांड्याला इंजिन लावलेलं गवत कापायचं मशीन) घ्यायचाय. आज ऑफिसातून सुटून इंदूरच्या सियागंजात दोन दुकानं पालथी घातली. एकाने ५२ सीसीचा दाखवला. दुसरा म्हणे, "वो मत लो भिया, ३५ वाला लो," आणि ३५ वाल्याची किंमत ५२ वाल्याच्या दुपटीहून जास्त! इंजिन लहान आणि पैसे मोठे, हे काय गणित आहे? गवत कमरेला लागलंय, पोळ्याच्या आत साफ व्हायलाच हवं. टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? कापायला दोरी की पातं? रविवारी सकाळी घेऊन थेट शेतावर जाणार आहे, म्हणून मुद्द्याचं बोला. गूगल करा म्हणू नका, केलंय, त्यानेच डोकं फिरलंय.

मालवा_मशीन (१०.५२)
गवत कसलं? शेत किती? चालवणार कोण?

देपालपूरकर (११.०५)
डोळे मिटून फोर स्ट्रोक घ्या. माझ्याकडे होंडाच्या जीएक्स ३५ इंजिनाचा आहे, ३५.८ सीसी, हा चौथा पावसाळा. पेट्रोलमध्ये तेल कालवायची भानगड नाही, इंजिनाचं १०० मिली तेल वेगळं भरायचं, स्कूटरसारखं. दोन ओढीत सुरू. भाच्याने माझं न ऐकता स्वस्तातला बिननावाचा ५२ सीसी मागवला, आता दर रविवारी सुरू करायची दोरी ओढून राहिलाय आणि आईला फोन करून रडून राहिलाय.

बांधावरचा (११.१२)
@मालवा_मशीन शेत सिमरोलच्या पुढे आहे. गवत म्हणजे गवत हो, पावसाळ्यात येतं ते. मॉडेल सांगा ना.

मालवा_मशीन (११.२०)
गवत म्हणजे गवत असं नसतं. हरळी असेल तर नायलॉन दोरी पुरते. कांस असेल तर दोरी त्याच्या ठोंबाला गुंडाळून बसते, तिथे तीन दाती पातं लागतं. बाभळीची, बोरीची पोरं उगवली असतील तर टीसीटीचं, म्हणजे ज्याच्या दातांना कार्बाइड लावलेलं असतं ते गोल पातं, ४० किंवा ८० दाती. इंजिन नंतर बघू. आणि चालवणार कोण, ते राहिलं.

किमतीचं गणित: टू स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून खरोखरचा ५२ सीसी टू स्ट्रोक हा ३५ सीसी फोर स्ट्रोकपेक्षा ताकदीला जास्तच असतो, खोटं का बोला. पैसे सीसीचे नसतात. कार्ब्युरेटर, क्लच आणि गिअरबॉक्स कसा आहे, आणि दोन वर्षांनी त्याचा पार्ट मिळतो का, त्याचे असतात.

देपालपूरकर (११.३१)
ताकद जास्त म्हणून काय खांबावर टांगायची? सुरूच होत नसेल तर ती ५२ ची ताकद काय कामाची?

मालवा_मशीन (११.३४)
सुरू होत नाही कारण लोक मिक्सचर अंदाजपंचे करतात. कंपनी ५०:१ सांगते म्हणजे लिटरला २० मिली टू-टी (टू स्ट्रोकचं) तेल. २५:१ असेल तर ४० मिली. माझ्याकडे येणाऱ्या दर चार मशीनींत एक नुसत्या पेट्रोलवर चालवून पिस्टन जाम केलेली असते. वर टाकीत पेट्रोल तसंच ठेवून जून ते जून मशीन कोपऱ्यात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं, कार्ब्युरेटरमध्ये हिरवट चिकटा होतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. हे फोर स्ट्रोकलाही लागू आहे, देपालपूरकर.

रामबागचे_आबा (शुक्रवार, सकाळी ६.१०)
आमच्या लहानपणी विळ्याने चार बायका दोन दिवसांत बिघा स्वच्छ करत. आवाज नाही, धूर नाही. आणि गाजरगवत असेल तर त्याचा इतिहास जाणून घ्या. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नोंदलं गेलं. अमेरिकेच्या पीएल ४८० या धान्य-मदत योजनेच्या गव्हातून आलं असं म्हणतात, आमच्या घरी तेव्हा त्याला 'काँग्रेस' म्हणत. १९८४ च्या सुमारास ते खाणारा मेक्सिकन भुंगा बंगळूरला सोडला. आपल्याच जबलपूरला तण संशोधनाचं केंद्र सरकारचं निदेशालय आहे, दर ऑगस्टात गाजरगवताचा सप्ताह साजरा करतात. तिथे पत्र टाका.

बांधावरचा (७.२५)
आबा, पत्राचं उत्तर येईतो सोयाबीन काढणीला येईल. 🙏

जुगाडू_नं१ (८.०२)
मशीन कुठलीही घ्या, नायलॉन दोरीवर पैसे घालू नका. ती अर्ध्या तासात झिजते. मोटरसायकलची जुनी क्लच वायर दोरी बसते त्या हेडमध्ये बसवा. कांस काय, बोरीचीही खोडं उडवते. गॅरेजवाला फुकट देतो.

मालवा_मशीन (८.०९)
हे कृपया कोणी करू नका. वायरचे पदर सुटतात आणि तुकडा गोळीसारखा उडतो. मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक गिअरबॉक्स घेऊन आलं, पाय बांधलेला. पँटला भोक मुगाएवढं, नडगीत वायर बोटाच्या पेराएवढी. डॉक्टरला चिमट्याने ओढून काढावी लागली. दोरी टिकत नसेल तर वापरायच्या आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवा. नायलॉन पाणी पितं, लवचिक होतं, तुटायचं कमी होतं.

जुगाडू_नं१ (८.१५)
मी दोन वर्षं वापरून राहिलो, काही झालं नाही.

शुभदा_र (८.४१)
होत नाही तोवर काही होत नाही, होतं तेव्हा शेजाऱ्याच्या डोळ्याला होतं. मशीन चालू असताना १५ मीटरच्या आत कोणी नको असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते उगाच नाही.

बांधावरचा, एक विचारू? शेतात झाडं आहेत का? लहान? आणि ड्रिप?

बांधावरचा (९.३०)
हो ताई, पाऊण एकरात पेरू आहे, मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात लावलेला, २१० झाडं. ड्रिप आहे. खरं तर तिथलंच गवत जास्त काढायचंय. बाकी अडीच एकर सोयाबीन, आणि नाल्याच्या बांधावर ते पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत. कुंपणाला काटेरी तार.

मालवा_मशीन (९.३३)
हे गुरुवारी सांगितलं असतं तर दहा पोस्टी वाचल्या असत्या. पांढऱ्या तुऱ्यांचं म्हणजे कांस. चालवणार कोण?

शुभदा_र (९.५८)
मग आधी हे वाचा, मशीन नंतर. आमच्या कंपेलच्या तुकड्यावर सीताफळाची दीड वर्षाची झाडं होती. गड्याने दोरीचं हेड लावून बुडाशी इतकं सुबक साफ केलं की मी त्याला शाबासकी दिली. आठ दिवसांनी वाकून पाहिलं तर अकरा झाडांच्या खोडाला जमिनीपासून चार बोटांवर बांगडी घातल्यासारखी साल निघालेली. आत पांढरं लाकूड, कडेला तपकिरी. पानं तरीही हिरवी होती, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही. महिन्याभरात एकेक करून वाळली. साल पूर्ण गोल निघाली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरतच नाही, मुळं उपाशी मरतात.

तेव्हा प्रत्येक झाडाभोवती हातभर जागा विळ्यानेच साफ करायची. शिवाय जुना पीव्हीसी पाइप वीतभर कापून, उभा चिरून खोडाला घालून ठेवा. ड्रिपच्या नळ्या आधी उचलून झाडाच्या बाजूला घ्या, गवतात दिसत नाहीत आणि १६ मिलिमीटरची नळी दोरीला पापडासारखी. गाजरगवत असेल तर फुलावर यायच्या आधी कापा, आणि पूर्ण बाह्या, मास्क. त्याचा ओला चुरा अंगावर उडतो, मला दोन आठवडे खाज होती.

रेवाकाठ (१०.४५)
कांस कापून काय होणार? खालचे गड्डे तसेच राहतात, पंधरा दिवसांत पुन्हा हजर. उन्हाळ्यात खोल नांगरून गड्डे उन्हात टाकले तरच जातं. बरेच जण ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात, पण २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्राची अधिसूचना निघाली की ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं.

देपालपूरकर (१०.५१)
नाल्याच्या बांधावर नांगर घालतो का कोणी? पहिल्याच पुरात बांध वाहून जाईल. तिथे कांसच मातीला धरून असतं. कापून ठेवायचं, बस.

रेवाकाठ (११.०२)
मी शेतातल्या कांसाचं बोलत होतो.

देपालपूरकर (११.०३)
ते बांधाचं बोलून राहिलेत.

रामबागचे_आबा (दुपारी १२.२०)
शासनाच्या ई-कृषि यंत्र अनुदान पोर्टलवर अर्ज करा, लॉटरी निघते. माझ्या व्याह्यांना रोटाव्हेटर मिळाला. आणि कोणी सांगेल का, बिघा आता किती धरतात? आमच्याकडे वेगळा, ग्वाल्हेरला वेगळा, मेहुण्याच्या बडोद्याला तिसराच.

बांधावरचा (१२.४१)
आबा, लॉटरीला थांबायला वेळ नाही हो.
@मालवा_मशीन चालवणार बाबा. वय ६८. गडी आहे, पण त्याच्या हातात मशीन द्यायला बाबा तयार नाहीत, "मी चालवीन" म्हणून बसलेत. म्हणूनच हेवी ड्यूटी म्हणालो, म्हणजे पटकन काम होईल.

मालवा_मशीन (दुपारी १.१०)
बघा, शेवटी निघालं. माझ्याकडे मोठी मशीन विकली तर मला फायदा जास्त, तरी सांगतो, ५२ सीसी घेऊ नका. जड मशीन, जास्त थरथर, अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. देपालपूरकरांचं ऐका (हे लिहिताना हात दुखला). ३५ सीसी फोर स्ट्रोक, खांद्याला लटकवायचा, पाठीवरचा नको. पाठीवरच्यात पातं कुठे फिरतंय त्यावर ताबा कमी राहतो. स्टीलचा एफएस २५० पण चांगला, ४०.२ सीसी टू स्ट्रोक (स्टील कंपनीचं नाव, लोखंड नव्हे), पण बाबांना मिक्सचर मोजायला लावू नका.

दोन्ही खांद्यांवर येणारा पट्टा घ्या, मशीनबरोबर येणारा एका खांद्याचा नव्हे. पट्ट्याचा मशीन अडकवायचा आकडा कमरेच्या हाडाच्या जरा खाली यायला हवा आणि हात सोडले तर पातं जमिनीच्या वीतभर वर लोंबायला हवं. दुकानातच बाबांना घालून बघा. २० मिनिटं चालवा, १० मिनिटं बसा.

पेरूत दोरी, बांधावर तीन दाती पातं. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे ओढत जायचं. घड्याळ्यात १२ ते ३ जिथे असतात ती बाजू खुंटाला लागली की मशीन झटका देऊन फेकली जाते. काटेरी तारेजवळ पातं अजिबात नको. गार्ड काढायचा नाही, "गवत अडकतं" म्हणून सगळे काढतात. पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो, लक्षात ठेवा. गिअरबॉक्सला २०-२५ तासांनी ग्रीस.

देपालपूरकर (१.१४)
स्क्रीनशॉट काढून ठेवला.

रामबागचे_आबा (१.४०)
६८ म्हणजे काय वय झालं? मी ७४ चा आहे, रोज दशहरा मैदानाला चार चकरा मारतो.

जुगाडू_नं१ (२.०५)
चार शेळ्या पाळा. पेट्रोल नाही, ग्रीस नाही.

शुभदा_र (२.०७)
आणि पेरू?

जुगाडू_नं१ (२.०९)
पेरूचं बघावं लागेल.

बांधावरचा (रविवार, सकाळी ११.५०)
घेतला. ३५ सीसी फोर स्ट्रोक, डबल पट्टा, दोरीचं हेड, तीन दाती पातं. दुकानदार गरम मशीन सुरू करून दाखवत होता. बाबा म्हणाले, "थंड होऊ दे, मग मी ओढतो." अर्धा तास स्टुलावर बसून राहिले, शेजारून पोहे मागवले. तिसऱ्या ओढीला सुरू झाला. ८० दातीचं पातं दुकानदार गळ्यात मारत होता, नाही घेतलं. गडी पाइपाचे तुकडे चिरून राहिलाय.

बांधावरचा (दुपारी ३.१५)
पेरूचे सहा तास झाले (झाडांच्या ओळी हो, वेळेचे नाही). एक नळी कापली गेली, ती मी कापली, बाबांनी नाही. आता बांधावर जायचंय, दोरीचं हेड काढलं, पातं बसवलं, पण नट तिरका बसलाय आणि आता उघडत नाहीये. भोकात सळई घालून धरलंय, पाना लावून दोघं मिळून जोर लावतोय. पहिल्याच दिवशी मशीन खराब निघाली का? दुकान आज चारला बंद होतं, लवकर सांगा!!

मालवा_मशीन (३.१८)
कुठल्या बाजूला जोर लावताय?

बांधावरचा (३.१९)
उघडायला लावतो त्याच.

मालवा_मशीन (३.१९)
उलटे आटे. घड्याळ्याच्या दिशेने फिरवा. शुक्रवारी लिहिलंय.

बांधावरचा (३.२६)
उघडला. बाबा म्हणतात ते सकाळपासून हेच सांगत होते.

रामबागचे_आबा (३.४०)
बिघ्याचं काय ठरलं?